उलट्या आट्यांचा नट: एका जुळवलेल्या फोर-व्हील जीपची ओळख पटवताना

आबांनी जीप शेडसमोर उभी केली, मागच्या सीटवरचं सिमेंटचं पोतं ओढून काढलं आणि माझ्या टेबलावर उपडं केलं. किंगपिन बेरिंगचे दोन किट, टाय रॉड एंडच्या दोन जोड्या, चार ऑइल सील, एक ड्रॅग लिंक. पुढच्या चाकांचा आणि स्टिअरिंगचा माल, सगळं नवंकोरं, काहींच्या पिशव्याही फोडलेल्या नव्हत्या.

"ह्यातलं एक बी बसलं न्हाई, मिस्त्री. दुकानदार म्हणतो मॉडेल सांगा. मी आरसी दाखवतो, त्यो माल देतो. घरी आणलं की फिटर म्हणतो, ह्यो दुसऱ्याच गाडीचा हाय."

आबांचं शेत गगनबावड्याच्या अलीकडे. ऊस, थोडं भात, आणि जून ते सप्टेंबर असा पाऊस की बांधावरून ट्रॅक्टरसुद्धा घसरतो. अशा ठिकाणी फोर-व्हील जीप ही हौस नसते. दूध, खत आणि आजारी माणूस तिच्यातूनच डांबरी रस्त्यापर्यंत येतो. म्हणून मी हे काम मनावर घेतलं. त्या तीन आठवड्यांत काय बघितलं, कुठे चुकलो आणि काय ठरवलं ते सगळं इथे लिहितो आहे. अशा वेगवेगळ्या गाड्यांचे भाग घेऊन जुळवलेल्या जीपा आपल्याकडे गावोगाव आहेत आणि बहुतेकांच्या घरी असंच एक पोतं आहे.

तक्रार काय होती

आरसीवर १९८९ ची डिझेल जीप. आबांनी ती बारा वर्षांपूर्वी तिसऱ्या मालकाकडून घेतली, तेव्हाच तिला पुढे डिफ (डिफरन्शिअल, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा एक्सलमधला गिअर) होता. "मिलिटरीचा एक्सल हाय, लिलावातला," असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि आबा ते अभिमानाने सांगत.

तक्रारी तीन होत्या. चाळीसच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायचं, आणि एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी अशी झोडपायची, गाडी थांबवेपर्यंत ते थांबायचंच नाही. फोर-व्हील टाकलं की चिखलात गाडी पुढे जाण्याऐवजी जड व्हायची, वळायची नाही, आणि नंतर लिव्हर निघायचा नाही. थोडं मागे घेतल्यावर "ठक" असा आवाज होऊन सुटायचा. तिसरी तक्रार ब्रेकची. जोरात दाबला की गाडीची पाठ फिरायची.

किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) गेले असतील, टाय रॉडचे (पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड गेले असतील, असं समजून दोन वर्षं सुटे भाग मागवणं चालू होतं. गाडी नेमकी कशाकशाची बनली आहे, हे मात्र कुणी बघितलं नव्हतं.

पहिला पुरावा

चाकं काढायला घेतली. मागची दोन्ही निघाली, पुढचं उजवं निघालं. पुढच्या डाव्या चाकाला माझ्या पोराने पाना लावला, पाइप घातला, पाइपवर उभा राहिला. नट हलेना. आबा म्हणाले, "त्यो तसाच हाय, मागच्या खेपेला एक स्टड तुटला."

मी पोराला थांबवलं. तारेच्या ब्रशने स्टडचं टोक घासलं. गंजाखाली एक छोटं इंग्रजी "एल" अक्षर ठोकलेलं दिसलं. नटाच्या कडेलाही बारीक खाच होती. पाना उलटा लावला, नेहमी आवळतो त्या दिशेला, आणि नट सुतासारखा निघाला.

विलीज या जीप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या काळात जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये असा त्यामागे विचार होता. पण याच जीपच्या मागच्या डाव्या चाकाला सरळ आटे होते. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या गाडीला पुढे उलटे आणि मागे सरळ आटे असत नाहीत. म्हणजे पुढचा एक्सल एका गाडीचा, मागचा दुसऱ्या गाडीचा. पाच मिनिटांत एवढं कळलं, आणि त्यासाठी लागला फक्त एक तारेचा ब्रश.

तुटलेला स्टडही याच गैरसमजाचा बळी. "जाम झालाय" म्हणून माणसं तो अधिकाधिक आवळत होती.

खाली झोपून

गाडी चारी बाजूंनी लोखंडी घोड्यांवर घेतली आणि खाली सरकलो. आधी काहीही न खोलता नुसतं बघत राहायचं, हा माझा नेम आहे. कंपनीच्या चेसिसला बहुतेक जोड रिव्हेटचे असतात. इथे ट्रान्सफर केसखालचा (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या डब्याखालचा) आडवा तुकडा वेल्डिंगने बसवलेला होता आणि वेल्ड हाताने मारलेलं, कमी-जास्त जाडीचं होतं. ट्रान्सफर केस जुन्या पद्धतीची, स्पायसर १८, दोन लिव्हरची. या केसमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन्ही शाफ्ट मधोमध नसतात, गाडीच्या उजव्या अंगाला निघतात. म्हणून तिच्यासोबत जन्मलेल्या जीपला पुढचा आणि मागचा दोन्ही डिफ उजवीकडे सरकलेले असतात. या गाडीचा पुढचा डिफ उजवीकडे होता. मागचा बरोब्बर मधोमध. मागचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफरपासून डिफपर्यंतचा दांडा, त्यामुळे तिरका, उजवीकडून मध्याकडे चाललेला.

"शाफ्टचा क्रॉस किती वेळा बदललाय?" मी खालूनच विचारलं.

"तीनदा. का वो?"

तिरका शाफ्ट चालतो, जर दोन्ही टोकांच्या फ्लँज एकमेकींना समांतर असतील आणि दोन्ही योक (टोकाच्या जोडातला क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असतील. इथे स्लिप जॉइंट कधीतरी काढून बसवताना एक-दोन खाचा पुढे-मागे झाला होता. दोन योक एकमेकांशी तिरके. प्रत्येक फेऱ्यात शाफ्टला हिसका बसत होता आणि क्रॉस मरत होता. तो सरळ करून बसवणं हे अर्ध्या तासाचं काम.

एवढ्यावरून चित्र स्पष्ट झालं: मूळ गाडी टू-व्हील ड्राइव्ह, मागचा एक्सल तिचा स्वतःचा. ट्रान्सफर केस आणि पुढचा एक्सल नंतर आलेले. प्रश्न उरला, पुढचा कुठून आला.

दहा बोल्ट मोजून काही कळत नाही

आपल्याकडे एक समज पक्का आहे की डिफच्या झाकणाला दहा बोल्ट असले की तो डाना ४४, म्हणजे डाना कंपनीचा एक एक्सल. मी स्वतः उमेदवारीच्या काळात असंच मानायचो. डाना ३० च्या झाकणालाही दहाच बोल्ट असतात. त्यामुळे बोल्ट मोजून पुढे मागे काही सिद्ध होत नाही. झाकण काढावं लागतं, हब खोलावा लागतो, आणि आत जे लिहिलंय ते वाचावं लागतं.

पण झाकण काढण्याआधी रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे किती, मोजता येतो, तेही खडूने. गिअर न्यूट्रलला, ट्रान्सफर न्यूट्रलला. एका बाजूचं चाक पक्कं अडवायचं, दुसऱ्या चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारायची. एक चाक अडवलेलं असताना दुसरं दोन फेरे फिरलं की क्राऊन, म्हणजे डिफमधलं मोठं दातेरी चक्र, एक फेरा फिरतो, डिफची रचनाच तशी असते. नुसते दोन फेरे मोजले तर अपूर्णांकात घोळ होतो, म्हणून मी वीस फेरे फिरवतो. क्राऊनचे दहा फेरे होतात आणि शाफ्टचे जेवढे झाले त्याला दहाने भागलं की काम झालं.

आबांचा नातू सोबत आला होता, सातवीतला. त्याला शाफ्टजवळ बसवला मोजायला. मागचा आधी. मी चाक फिरवत होतो, तो मोठ्याने मोजत होता. वीस फेऱ्यांना अठ्ठेचाळीस पूर्ण आणि पाऊण. मग पुढचा. पुढच्या हबला चाक शाफ्टपासून सोडवणारे फ्रीव्हीलिंग लॉक नव्हते, साधी फ्लँज होती, म्हणून चाकाबरोबर सगळं फिरत होतं. तो मोजत राहिला, पन्नास झाले, एक्कावन्न, बावन्न. "काका, हा जास्त फिरतोय," तो म्हणाला. वीस फेऱ्यांना साडेत्रेपन्नासच्या थोडं पुढे, पावणेचोपन्न.

मी उभा राहिलो आणि पोराकडून परत मोजून घेतलं. तेवढेच आले.

मागे ४.८८, पुढे ५.३८. आबांच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर खडूच्या त्या दोन रेघांत होतं.

झाकणं काढली. क्राऊनच्या कडेवर क्राऊन आणि पिनियन (त्याला फिरवणारं लहान चक्र) यांच्या दातांचे आकडे ठोकलेले असतात. मागच्यावर ३९ आणि ८, पुढच्यावर ४३ आणि ८. भागाकार करून बघा: ३९ भागिले ८ म्हणजे ४.८७५, ४३ भागिले ८ म्हणजे ५.३७५. मागच्या क्राऊनचा व्यास साडेआठ इंच, म्हणजे तो खरोखरच डाना ४४. त्याचे शाफ्ट बाहेरच्या टोकाला कोनाकार, चावी आणि मोठ्या नटाचे, पुलरशिवाय हब हलत नाही असे.

फोर-व्हील टाकल्यावर काय होत होतं

ट्रान्सफर केसमध्ये पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट एकत्र लॉक होतात. मध्ये डिफ नसतो. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. टायर चारी ६.००-१६, सारखेच. आता मागची चाकं जेवढ्या फेऱ्यांत १०० मीटर जातात, तेवढ्याच शाफ्टच्या फेऱ्यांत पुढची चाकं फक्त ९०.७ मीटर जाऊ बघतात. प्रत्येक शंभर मीटरला नऊ मीटरपेक्षा जास्त फरक. तो फरक कुठेतरी जायलाच हवा. सुक्या जमिनीवर तो टायर घासून, शाफ्टला पीळ देऊन जातो. पीळ बसलेला असताना ट्रान्सफर केसचे दात एकमेकांना इतके दाबून धरतात की लिव्हर निघत नाही. मागे घेतलं की पीळ सुटतो, तोच तो "ठक".

चिखलात तर पुढचा एक्सल ब्रेकसारखाच वागत होता. मागून ढकललं जातंय आणि पुढची चाकं जमिनीपेक्षा हळू फिरतायत. घासत सरकणाऱ्या चाकाला दिशा देता येत नाही, म्हणून गाडी वळत नव्हती. आबांनी बारा वर्षं ही गाडी अशी चालवली आणि त्यांना वाटत राहिलं की इंजिनात दम नाही. एकदा तर त्यांनी याच कारणाने इंजिन खोलून घेतलं होतं. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. ज्याने ही जुळवणी केली त्याने वेल्डिंग, ट्रान्सफर, शाफ्ट एवढा खटाटोप केला. दोन्ही क्राऊनचे दात मोजायला त्याला एक दुपार पुरली असती.

पुढचा एक्सल कोणाचा

पुढचा डावा हब खोलला. नकल, म्हणजे चाक धरून वळणारा भाग, बंद पद्धतीचं: हाऊसिंगच्या टोकाला चेंडूसारखा गोल भाग, त्यावर नकलची वाटी, आणि मागून दोन अर्ध्या तुकड्यांचं सील. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला दहा स्प्लाइन. ब्रेक ड्रम नऊ इंची.

चाकाचं बेरिंग डिझेलमध्ये बुडवून धुतलं. कोनावर १८५९०, कपवर १८५२०. किंगपिनचं बेरिंग काढलं: ११५९० आणि ११५२०. बेरिंगवरचा नंबर हा मला सगळ्यात भरवशाचा कागद वाटतो. हाऊसिंगवर रंगाचे सात थर असतील, पट्टी हरवलेली असेल, कुणी ग्राइंडर मारला असेल, पण बेरिंग ज्या भोकात बसतं ते भोक बदलत नाही. हे दोन्ही जोड विलीजच्या त्या जुन्या, लहान पुढच्या एक्सलचे, ज्याला डाना २५ म्हणतात. आबांच्या पोत्यातले दोन्ही किट काढून व्हर्नियर लावला. कप बसायचा प्रश्नच नव्हता, बाहेरचा व्यासच वेगळा. दुकानदाराची चूक नव्हती. त्याने १९८९ च्या डिझेल जीपचा माल दिला होता, आणि या गाडीचं पुढचं तोंड तिचं नव्हतंच.

राहिला "मिलिटरीचा" प्रश्न. युद्धकाळातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूलाही डाना २५ आणि उलटे आटे होते, पण त्यांचा रेशो ४.८८. ५.३८ हा नंतरच्या नागरी सीजे जीपांचा. सीजे-३बी विलीजने १९५३ मध्ये आणली, उंच बॉनेटची, आणि महिंद्रने तिचंच उत्पादन परवान्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं केलं. या जीपा आपल्या लष्करानेही भरपूर वापरल्या. म्हणून लिलावातला एक्सल ही गोष्ट खरीही असू शकते, फक्त तो दुसऱ्या महायुद्धातला नाही. मी आबांना तसं सांगितलं. ते थोडे हिरमुसले, मग म्हणाले, "पण मिलिटरीचा असंल की न्हाई?" असेल, आबा.

स्टिअरिंग: इथे मी घाबरलो

आतापर्यंतचं सगळं गाडी नीट न चालण्याबद्दल होतं. स्टिअरिंगमध्ये जे निघालं ते माणसं मरण्याबद्दल होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

जुन्या सीजे जीपांत स्टिअरिंगची रचना अशी: बॉक्समधून ड्रॉप आर्म, ड्रॉप आर्ममधून ड्रॅग लिंक, ती पुढच्या क्रॉसमेंबरवर फिरणाऱ्या बेलक्रँकला, आणि बेलक्रँकपासून दोन वेगवेगळे टाय रॉड, एक डाव्या नकलला आणि एक उजव्या. बेलक्रँकची पिन झिजली की स्टिअरिंग ढिलं होतं आणि लोक वैतागून बेलक्रँकच काढून टाकतात. इथेही तेच झालं होतं. क्रॉसमेंबरवर पिनची जागा ग्राइंडरने कापल्याची खूण होती. आता डावीपासून उजवीपर्यंत एकच लांब टाय रॉड होता आणि ड्रॅग लिंक थेट उजव्या नकलला.

कल्पना वाईट नाही. एकसंध टाय रॉड कित्येक गाड्यांना असतो. पण मी रॉडवरून हात फिरवत गेलो आणि मध्यभागी, रंगाखाली, बोटाला फुगवटा लागला. रंग खरवडला. दोन आखूड टाय रॉड मध्ये पाइपचा तुकडा घालून एकमेकांना वेल्ड केले होते. वेल्डच्या कडेला केसाएवढी काळी रेघ. रंगाचा काळा नाही, आत गंज शिरलेल्या चिरेचा काळा. ती चीर रॉडच्या घेराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेली होती.

मी आबांना बोलावलं आणि त्यांचं बोट त्या चिरेवर टेकवलं. ते काहीच बोलले नाहीत. त्याच आठवड्यात ते सुनेला आणि नातवाला घेऊन करूळ घाट उतरले होते.

ड्रॅग लिंकचं पुढचं टोक सोडवलं तर एंडच्या टेपरभोवती (निमुळत्या पिनेभोवती) पत्र्याची गुंडाळी निघाली, डब्याच्या पत्र्याची, छापलेली अक्षरं अजून दिसत होती. नकलच्या हाताचं भोक मोजलं: वीस मिलिमीटर लांबीत अडीच मिलिमीटरचा फरक, म्हणजे १:८ चा टेपर. बसवलेल्या एंडचा फरक वीस मिलिमीटरला दोन, म्हणजे १:१०. दोन्ही टेपर दिसायला सारखे, हातात धरून कळत नाही. टेपर नीट बसतो तेव्हा तो स्वतःच्या पकडीने घट्ट राहतो, नट फक्त त्याला जागेवर ठेवतो. चुकीचा टेपर एका कडेवरच टेकतो. मग तो हलतो, भोक खातो, आणि एक दिवस पिन मुळाशी तुटते. पत्रा घातल्याने नट आवळला गेला, पण पकड आली नाही.

टेपर तपासायला प्रशियन ब्लू (निळा रंग) पुरतो. भोकात पातळ लावायचा, एंड हाताने दाबून एक चतुर्थांश फिरवायचा, काढून बघायचं. निळा सगळीकडे सारखा उमटला तर जोडी बरोबर. एका टोकाला कडं उमटलं तर ती जोडी टाकून द्यायची.

आणखी एक गोष्ट निघाली, जी मी आधी सोडली होती आणि नंतर मला परत यावं लागलं. ड्रॅग लिंक सोडून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि फेरे मोजले. मग निम्म्यावर आणून थांबलो. बॉक्सचा मध्य तिथे होता. पण गाडी सरळ चालताना चाक जिथे असायचं तिथून हा मध्य जवळजवळ पाऊण फेरा दूर. या जुन्या बॉक्समध्ये आतला कॅम मध्यावर मुद्दाम घट्ट घडवलेला असतो आणि बाजूंना किंचित ढिला. गाडी सरळ जाताना बॉक्स मध्यावर नसेल तर सरळ रस्त्यावरच प्ले येतो. आबांचे आधीचे मिस्त्री हा प्ले काढायला बॉक्सचा स्क्रू आवळत गेले होते आणि मध्यावर तो बॉक्स जाम व्हायला लागला होता. चूक फक्त ड्रॉप आर्मची, तो दोन दात पुढे बसवलेला.

थरथर कशाने होती असं कुणी विचारलं तर मी एकच कारण सांगणार नाही. किंगपिनला कुणीतरी गरजेपेक्षा जास्त शिम (पातळ चकत्या) घातले होते, त्यामुळे बेरिंगवर दाबच नव्हता. स्प्रिंगच्या पाट्यांखालची कोनाची पाचर उलटी बसवली होती, म्हणून कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन), जो तीन अंश असायला हवा, तो जवळजवळ शून्यावर आला होता. त्यात चिरलेला रॉड आणि हलता एंड. यातलं एकच कारण काढलं असतं तर थरथर कमी झाली असती, गेली नसती, आणि आबांनी आणखी एक किट विकत आणला असता.

काय केलं

वेल्ड केलेला रॉड मी त्याच दिवशी करवतीने कापला, दोन ठिकाणी. भंगारातून तो परत कुणाच्या गाडीला जाऊ नये म्हणून.

बेलक्रँक परत बसवावा असं एक मन म्हणत होतं, कारण मूळ रचनेला मान द्यावा असं मला वाटतं. पण कापलेल्या क्रॉसमेंबरवर नवी पिन वेल्ड करणं म्हणजे तीच चूक दुसऱ्या जागी. शेवटी दोन्ही नकलच्या भोकांतलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजलं, टेपर लिहून घेतले, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन गाडीचं नाव न सांगता मापं सांगितली. दुकानदार आधी कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. मग आतून एक कंपनीचा अखंड टाय रॉड काढून आणला, एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्याला उलटे, म्हणजे रॉड फिरवला की टो-इन (पुढची चाकं आत किती वळलेली ते) जुळतो. ब्लू लावून दोन्ही टेपर तपासले. चांगले उमटले. टो-इन दोन मिलिमीटर ठेवला.

किंगपिनला ११५९० आणि ११५२० ची नवी बेरिंगं, वर-खाली सारखेच शिम, म्हणजे शाफ्ट नकलच्या मधोमध राहतो. पाचर सुलटी केली, वाढवलेला एक पाटा काढून टाकला, ड्रॉप आर्म दोन दात मागे. बॉक्सचा स्क्रू सैल करून मध्यावर नव्याने जुळवला.

रेशोसाठी दोन वाटा होत्या. मागे ५.३८ घालायचा किंवा पुढे ४.८८. मागे ५.३८ घातला तर डिझेल इंजिन डांबरी रस्त्यावर उगाच ओरडलं असतं. पुढे ४.८८ सोपं, कारण त्याच डाना २५ मध्ये युद्धकालीन जीपला ३९ आणि ८ चाच सेट होता. तो कुर्ल्यातल्या एका जुन्या स्पेअरवाल्याकडे मिळाला, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेला. आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. गाडीत आता खरोखरच मिलिटरीच्या जातीचं काहीतरी आलं होतं. पिनियनचे शिम तीनदा बदलले, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर ०.१५ मिलिमीटर आला आणि दातांवर रंगाचा ठसा मधोमध पडला, तेव्हाच झाकण लावलं. नातवाला परत बोलावून खडूने मोजून घेतलं. वीस फेऱ्यांना पावणेएकोणपन्नास, पुढे आणि मागे.

ब्रेकचं आबांना परवडेल तेव्हा करू असं ठरत होतं. मी नाही म्हटलं. पुढे नऊ इंची ड्रम आणि मागे अकरा इंची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येतं आणि नेमकी मागची हलकी झालेली चाकं आधी लॉक होतात. पाठ फिरणारच. पुढे अकरा इंची प्लेट आणि ड्रम बसवले आणि मगच चावी दिली.

कागदपत्रांचं काम मात्र माझ्या हातातलं नव्हतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. मी आबांना स्पष्ट सांगितलं की आरटीओत जाऊन विचारा आणि तोवर ही गाडी शेतापुरती ठेवा. अपघात झाला तर विमावालाही हेच विचारणार. त्यांनी मान डोलावली, आवडलं नाही हे दिसत होतं.

पहिल्या पावसानंतर मी मुद्दाम त्यांच्या शेतावर गेलो. भाताच्या खाचराच्या कडेने, गुडघाभर लाल चिखलात, आबांनी फोर-व्हील टाकलं आणि गाडी वळवली. ती वळली. बांधावर आल्यावर त्यांनी लिव्हर एका बोटाने बाहेर काढला आणि माझ्याकडे बघितलं.

निघण्याआधी बॉनेटच्या आत मी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेट केली, वर अक्षरं पंचने ठोकून: पुढे डाना २५, ३९-८. मागे डाना ४४, ३९-८. किंगपिन ११५९०/११५२०. पुढचं चाक बेरिंग १८५९०/१८५२०. नकलचा टेपर १:८. पुढचं डावं चाक, उलटे आटे. त्या पाच नटांना लाल रंगही लावला. नातवाने पट्टी वाचली आणि खाली जागा उरली होती तिथे काय लिहायचं असं विचारलं. पुढच्या मिस्त्रीसाठी ठेव म्हटलं.